जोंगा घ्यायची आणि जगवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी जोंगा, म्हणजे सैन्यातली जुनी जीपसारखी गाडी, साताऱ्यात असते. ती दारात येऊन अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली चार ती जागेवरून हलली नव्हती. रस्त्यात थांबवून, फोन करून, घरी येऊन लोक जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच लोकांचे पैसे बुडालेले मी पाहिले आहेत.

जोंगा म्हणजे नेमकी कुठली गाडी?

निस्सान पेट्रोल. यातलं ‘पेट्रोल’ इंधनाचं नाही, गस्तीचं. जपानच्या निस्सान कंपनीच्या ६० मालिकेतल्या पेट्रोल गाडीवरून, परवाना घेऊन, जबलपूरला आपल्या सैन्यासाठी ही गाडी बनली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून जोंगा हे नाव झालं. १९६२ च्या युद्धात डोंगरात चालणाऱ्या वाहनांची चणचण सैन्याला चांगलीच जाणवली होती. जबलपूरची व्हेइकल फॅक्टरी १९६९ साली उभी राहिली. शक्तिमान ट्रक, एक टनी निस्सान आणि जोंगा या तिन्ही गाड्या त्या गावाच्या. जोंगाचं उत्पादन १९९९ पर्यंत चाललं.

बॉनेटखाली सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे आणि ताकद ११० अश्वशक्तीच्या आसपास. आकडा आज कुणाला मोठा वाटणार नाही. पण या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खालीवर होण्याची चाल, लांब आहे, ११४.३ मिलिमीटर, त्यामुळे सगळा जोर अगदी खालच्या फेऱ्यांवर मिळतो. चढावर ॲक्सिलरेटर न दाबता नुसता क्लच सोडला तरी गाडी संथपणे वर सरकते. रुग्णवाहिका म्हणून, वायरलेसची गाडी म्हणून, १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ पाठीवर घेऊन, अशा किती तरी रूपांत ती सीमेवर राबली.

याच घराण्यातल्या जी ६० पेट्रोलने १९६२ साली ऑस्ट्रेलियाचं सिम्पसन वाळवंट पार केलं होतं. रेग स्प्रिग हे भूगर्भशास्त्रज्ञ बायकामुलांना घेऊन त्या गाडीतून गेले. मोटारीने ते वाळवंट ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती.

सामान्य माणसासाठी जोंगा कधी निघालीच नाही का?

निघाली. १९९६ च्या सुमारास कारखान्याने डिझेल इंजिनाची मुलकी आवृत्ती काढली, पण ती फारशी खपली नाही. तशी मूळ डिझेल जोंगा कागदांसह कुठे मिळाली तर ती खरोखर दुर्मीळ आहे, तिच्यात फेरफार करण्याआधी दहादा विचार करा. बाकी बहुतेक जोंगा सैन्यातून निवृत्त होऊन लिलावातून बाहेर आलेल्या आहेत.

आज विकत मिळते का?

मिळते, पण पूर्वीसारखी सहज नाही. सैन्याच्या सेवेतून ती गेली, त्यामुळे लिलावात नवा माल येत नाही. आता जे आहे ते कुणाच्या तरी गोठ्यात, साखर कारखान्याच्या आवारात, जुन्या ठेकेदाराच्या शेडमध्ये उभं आहे. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीने एक जोंगा घेतली आणि रांचीत ती चालवताना तो दिसला. तेव्हापासून ‘भंगारात घाला’ म्हणणारे लोकही किंमत सांगायला लागले.

पंजाब, हरियाणा, दिल्लीकडच्या गाड्या चेहऱ्याने देखण्या असतात, पण त्यांच्यात कापाकापी जास्त झालेली असते. आपल्याकडच्या गाड्या रूपाने गेलेल्या, तरी बऱ्याचदा मूळ इंजिनासह सापडतात. मी दुसऱ्या प्रकारची घेईन.

कागदांमध्ये काय पाहायचं?

गाडी पाहायला जाण्याआधी आरसीचा फोटो मागवा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. पत्रा पुन्हा घडवता येतो, इंजिन पुन्हा बांधता येतं. कागद मात्र कुठल्याही मिस्त्रीला बनवता येत नाहीत.

सैन्यात असताना या गाड्यांना आरटीओचा नंबर नसतो. वर टोक असलेला बाण आणि पुढे आकडे, असा त्यांचा स्वतःचा क्रमांक असतो. लिलावात विकल्यावर घेणाऱ्याला फॉर्म २१ मध्ये विक्रीचा दाखला मिळतो. माजी सैनिकी वाहनाची मुलकी नोंदणी करताना नियमाप्रमाणे हाच मूळ दाखला लागतो. गाडी कधी नोंदवलीच गेली नसेल आणि मूळ दाखलाही हरवला असेल, तर तुम्ही लोखंड विकत घेताय, गाडी नाही.

नोंदवलेली असेल तर तीन गोष्टी बघा. आरसी सरकारच्या ऑनलाइन ‘वाहन’ प्रणालीत दिसते का? जुन्या पुस्तकी आरसींची नोंद अनेकदा संगणकावर चढलेलीच नसते. ती चढवून घेण्याचं काम विकणाऱ्याकडूनच, पैसे देण्याआधी करून घ्या. दुसरं, नोंदणीची मुदत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपून बरीच वर्षं गेली असतील तर दंड, पर्यावरण कर आणि हेलपाटे हे सगळं किमतीत धरा. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं आहे. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेसिस नंबर, गाडीच्या खालच्या सांगाड्यावर ठोकलेला.

तो आकडा स्वतःच्या हाताने उमटवून घ्या. वायर ब्रशने चेसिसवरची माती आणि रंग हलका काढा, वर पांढरी चिकटपट्टी दाबून बसवा आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासा. ठोकलेले आकडे पांढरे राहतात, भोवताली काळं होतं. आता पट्टी उन्हात धरून बघा. आकड्यांची उंची एकसारखी आहे का? कुठल्या एका आकड्याच्या पाठी ग्राइंडरचे ओरखडे आहेत का? आकड्यांभोवती वेल्डिंगची चौकट दिसते का? मी पाहिलेल्या पहिल्या तीन जोंगांपैकी एकीच्या नंबराचा तुकडा दुसऱ्या चेसिसवरून कापून चिकटवलेला होता. रंग इतका सफाईदार होता की नुसत्या डोळ्यांना कळलं नसतं, पट्टीवर मात्र वेल्डिंगचा उंचवटा स्पष्ट उमटला.

व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येईल का?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये यासाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, खाजगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात.

पण या नंबराची गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. शिवाय लिलावातून आलेल्या गाडीची मुलकी नोंदणी बऱ्याचदा पुढच्या काळातली असते. गाडी बनली १९७२ साली आणि आरसीवर पहिली नोंदणी १९९४ ची, असं असेल तर आरसीवरचीच तारीख मोजली जाईल असं धरून चाला. माझी साध्या नोंदणीवर आहे आणि तशीच राहील, कारण मला ती कास पठाराकडे न्यायची असते.

सैन्याचा हिरवा रंग देता येतो का?

नाही. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम तेच सांगतो. ‘पण ती मूळची सैन्याचीच गाडी आहे’ हे उत्तर चौकीवर चालत नाही आणि चालूही नये. बाणाचा नंबर, युनिटच्या खुणा, ताऱ्यांची पाटी यांपैकी काहीही लावू नका. त्या खुणा मिरवायचा हक्क कमवावा लागतो. माझी वाळूच्या रंगाची आहे. जुना रंग खरवडताना दरवाज्याच्या आत एक हिरवा चौकोन मिळाला, हाताच्या पंजाएवढा. तेवढा फक्त वर लाखेचा हात देऊन तसाच ठेवला आहे.

गाडी पाहायला जाताना बरोबर काय न्यावं?

लोहचुंबक, टॉर्च, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि जुने कपडे. खाली झोपावं लागतं.

सैन्यात या गाड्यांवर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढत गेले. नंतरच्या मालकांनी त्यावर पुट्टी भरली. चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा, पकड सुटली की खाली पुट्टी. पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि मागचा आडवा बीम हमखास गेलेले असतात, त्याने घाबरू नका. ते सपाट किंवा साध्या वळणाचे पत्रे आहेत, चांगला डेंटर हाताने घडवतो.

घाबरायचं ते चेसिसला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल (लटकवणाऱ्या कड्या) जिथे चेसिसला लटकतात, तिथे स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघा. टणक टणत्कार आला पाहिजे. थपथप आवाज आला किंवा टोक आत गेलं, तर आतून गंज चढलाय. कोकणातल्या गाडीत ही जागा आधी बघा आणि मगच चहा घ्या.

इंजिन जाम आहे म्हणतात. घ्यावी का?

जाम इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन नव्हे. धक्का देऊन किंवा दुसऱ्या गाडीने ओढून सुरू करायचा प्रयत्न मात्र अजिबात नको. सहाही प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि ऑइल अर्धंअर्धं मिसळून थोडं ओता आणि आठवडाभर सोडा. रोज एकदा क्रँकच्या पुलीला लांब दांड्याचा पाना लावून पुढेमागे नुसती ताकद द्यायची, झटका नाही. माझं नवव्या दिवशी हललं, घड्याळाच्या काट्याइतकं. मग प्लग न लावता फिरवून सगळं ऑइल बाहेर काढलं, टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्ववरचं झाकण, काढून व्हॉल्व खालीवर होतात का ते पाहिलं, आणि मगच बॅटरी लावली.

सुरू झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. सहांत एखादा सिलिंडर फार कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व बसत नाहीत. इंजिन मिसफायर करत असेल तर खोलायच्या आधी प्लगच्या वायरींचा क्रम पाहा. तो १-५-३-६-२-४ असा आहे. चारच सिलिंडरची सवय असलेल्या हातांकडून दोन वायरी हमखास बदलतात आणि मग बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर खापर फुटतं.

चढावर गरम होते. रेडिएटर नवा घातला तरी तेच. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा दोष रेडिएटरचा नसतो.

इंजिन लांब, सहा सिलिंडरचं. पुढून पाणी येतं. चाळीस-पन्नास वर्षं विहिरीचं, नाल्याचं, जे मिळेल ते पाणी ओतलं गेलं. त्यातला गाळ आणि गंज ब्लॉकच्या मागच्या टोकाला साचतो. पुढचे सिलिंडर थंड आणि मागचे दोन उकळतात. मीटरचा काटा मात्र सगळं ठीक आहे असं सांगतो, कारण तो ते तापमान मोजतच नाही.

ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टिकल्या ठोकलेल्या दिसतील, आपले मिस्त्री त्यांना वॉटर प्लग म्हणतात. त्या काढा. मी मागची टिकली काढली तेव्हा पाण्याचा थेंबही आला नाही. आत बोट घातलं तर भिजवलेल्या विटेसारखा लाल गाळ, घट्ट बसलेला. वाकवलेल्या तारेने तो खरवडत दोन दिवस गेले, आणि घमेलं अर्धं भरलं. मग उलट्या बाजूने पाण्याचा जोर देऊन, नितळ पाणी येईपर्यंत धुतलं. पितळी टिकल्या बसवल्या, कूलंट घातलं. त्यानंतर खंबाटकी घाट भर मे महिन्यात चढलो, काटा जागचा हलला नाही.

डिझेल इंजिन बसवलं तर परवडेल ना?

लिटरला ४-५ किलोमीटर हा आकडा ऐकून प्रत्येक जण इथेच येतो. माझं उत्तर कायम ‘नको’ असतं.

कायद्याने बघायचं तर इंजिन बदलणं हा वाहनातला फेरफार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी, नंतर आरसीवर नोंद. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय मूळ रूप गेलं की व्हिंटेज नोंदणीचं दारही बंद.

यंत्र म्हणून बघायचं तर ही गाडी त्या इंजिनाभोवती बांधली आहे. बाजारात स्वस्तात मिळणारं चार सिलिंडरचं डिझेल बसवलं की थरथर वाढते, माउंटिंग तुटतात, गिअर बॉक्सशी जोडणारी प्लेट घरगुती लेथवर बनते आणि सहा महिन्यांत क्लच बोंबलतो. तोवर मूळ इंजिन किलोच्या भावाने गेलेलं असतं. अशी काढून टाकलेली किती इंजिनं मी भंगारात पालथी पडलेली पाहिली आहेत! त्यातल्या दोन इंजिनांचे मालक आज तेच इंजिन शोधत फिरताहेत.

वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालवणार असाल तर पेट्रोलचा जादा खर्च इंजिन बदलण्याच्या खर्चाला गाठायला कित्येक वर्षं लागतील. रोज चालवायचीच असेल तर जोंगा घेऊ नका, मनापासून सांगतो.

२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय?

इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी आहे, त्यामुळे साधं पेट्रोल त्याला पुरतं, महागड्याची गरज नाही. प्रश्न रबराचा आहे. इथेनॉल जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधले सील फुगवतं आणि मऊ करतं. पाइप इथेनॉल सोसणारे घाला, पंपाचा पडदा बदला आणि नवा जोड राखीव ठेवा. इथेनॉल हवेतली ओलही धरतं. पावसाळ्यात अर्धवट भरलेली टाकी महिना-दोन महिने उभी राहिली की तळाशी पाणी साचून टाकी आतून गंजते. एक तर काठोकाठ भरून ठेवा, नाही तर पूर्ण रिकामी करा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. आपल्या देशात ते १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. त्या शिशामुळे व्हॉल्वची बैठक जपली जायची. हेड खोललंच असेल तर एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या सीट बसवून घ्या, चांगल्या इंजिनिअरिंग वर्क्सला हे नेहमीचं काम आहे.

टाकीला भोक असेल तर वेल्डिंगला द्यायच्या आधी ती कितीही वर्षं रिकामी असो, आत वाफ असते हे लक्षात ठेवा. अशी टाकी फुटून माणसं गेली आहेत. जो कारागीर पाणी भरल्याशिवाय टाकीला ज्योत लावतो, त्याच्याकडे देऊ नका.

स्पेअर पार्ट कुठे मिळतात?

जबलपूरच्या बाजारात, दिल्लीच्या मायापुरीत, मुंबईत कुर्ल्याला. पुण्याच्या जुन्या बाजारात नशीब लागतं, मला तिथे डिस्ट्रिब्युटरचं कव्हर मिळालं होतं. एक टनी निस्सानचं इंजिन याच कुळातलं, म्हणून त्या गाडीचं इंजिन दिसलं की सोडू नका. ऑस्ट्रेलियात जुन्या पेट्रोल गाड्यांचा शौक मोठा आहे. तिथे नातेवाईक असतील तर गॅस्केट सेट आणि सील मागवून घ्या, हलके असतात, बॅगेत येतात. बेअरिंग आणि ऑइल सील मात्र कंपनीच्या नावाने शोधूच नका, त्यावर कोरलेला आकडा घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा.

ब्रेक लागत नाहीत अशी तक्रार ऐकतो. खरं आहे का?

चारही चाकांना ड्रम. नीट बांधले तर लागतात, पण आजच्या गाडीसारखे नाही. व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेले असतील तर लेथवर पितळी स्लीव्ह घालून घ्या, नुसते रबर बदलून महिनाभरात पुन्हा गळती लागते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी राहतं, तेव्हा सावकाश चालवत पायाने हलका ब्रेक धरून ठेवा. ब्रेक पुन्हा नीट धरेपर्यंत वेग घेऊ नका.

फोर बाय फोर कायम लावून ठेवावं का?

डांबरावर कधीच नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मध्ये तो फरक सोसणारा डिफरन्शियल नाही, त्यामुळे ताण शाफ्टवर येतो आणि लिव्हर बाहेर निघत नाही. चिखल, वाळू, ओलं गवत असेल तिथेच लावा. लिव्हर अडकलाच तर ओढाताण न करता चार-पाच फूट मागे घ्या, आपोआप सुटतो.

एकूण खर्च किती येतो?

मला गाडीच्या किमतीच्या जवळपास अडीचपट आला, आणि त्यातला निम्मा पत्रा-रंगात. क्रम असा ठेवा: आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, मग वायरिंग, रंग सगळ्यात शेवटी. रंग आधी केलेल्या गाड्या अर्ध्यावर विकायला येतात, कारण चकाकी दिसली की मालकाचा धीर आणि पैसा दोन्ही संपतात. सगळं एकदम खोलू नका. खोललेला प्रत्येक नटबोल्ट कोणत्या जागेचा, ते लिहिलेल्या पिशवीत ठेवा आणि फोटो काढा.

विमा मिळतो का?

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि मिळतो. पूर्ण विमा हवा असेल तर जुन्या, उत्पादन थांबलेल्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. दुरुस्तीची बिलं आणि फोटोंची फाइल बरोबर न्या, त्याशिवाय कुणी रकमेवर बोलत नाही.

दोन महिने उभी राहिल्यावर सुरू होत नाही. बॅटरी तर नवी आहे.

कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. नुसता स्टार्टर मारत राहिलात तर बॅटरी बसते आणि स्टार्टर तापतो. पेट्रोल पंपाला हाताने मारायचा छोटा लिव्हर असेल तर तो मारा, नसेल तर वाटीत थोडं पेट्रोल भरा.

हे मला मिस्त्रीने नाही शिकवलं. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर गावाच्या नावातच मिलिटरी. एकदा रस्त्याकडेला मी स्टार्टर मारून मारून दमलो होतो, तेव्हा सायकलवरून जाणारे एक सत्तरीचे गृहस्थ उतरले. नाव-गाव काही न विचारता त्यांनी बॉनेट उघडलं, न बघता हात थेट पंपाखाली घातला आणि अंगठ्याने लिव्हर मारत मोजू लागले. ‘अठरा, एकोणीस, वीस. आता जड लागत नाही, म्हणजे वाटी भरली. चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका.’ मी किल्ली फिरवली. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. ते बॉनेटवर तळवा टेकून तसेच उभे राहिले, चोक अर्धा आत जाईपर्यंत. मग म्हणाले, ‘तिसऱ्याचा टॅपेट जरा वाजतोय, बघून घ्या,’ आणि सायकलवर बसले. घरी येऊन फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, लावला. ढिला तिसराच होता.